तालुक्यातला पहिला पेंटियम टू

“ते बाकीचं ऱ्हाऊ द्या इंजिनियर. पेंटियम टू बसतोय का न्हाय, तेवढं सांगा.”

दत्ताभाऊ काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून उभे होते. माझं कोटेशन त्यांनी वाचून पालथं घातलं होतं. ते इंदापूरचे फोटोग्राफर. लग्नाचे फोटो, लग्नाची व्हिडिओ शूटिंग आणि सीझन नसेल तेव्हा पासपोर्ट साइज, असा त्यांचा धंदा. मी बारामतीत स्टेशन रोडला कॉम्प्युटर जोडून विकायचो. त्याआधी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, म्हणून लोक इंजिनियर म्हणत. मी डिप्लोमावाला होतो, पण लोकांची चूक दुरुस्त करायच्या भानगडीत कधी पडलो नाही.

विंडोज अठ्ठ्याण्णव नुकतं आलं होतं. लग्नाची कॅसेट दोन व्हीसीआर जोडून एडिट करण्याचे दिवस संपत होते. कॉम्प्युटरवर एडिटिंग केलं की नवरा-नवरी कमळातून बाहेर येत, बदामात मावत आणि ताजमहालासमोर उभी राहत. ज्यांच्या लग्नात हे नव्हतं त्यांना ते लग्न अपुरं वाटायला लागलं होतं.

मी दत्ताभाऊंना दोन कोटेशनं दिली होती. आकडा दोन्हीचा एकच. पहिल्यात साधा पेंटियम, दुप्पट रॅम, कॅप्चर कार्ड, दोन हार्ड डिस्क आणि लाइट गेली तर मशीन सांभाळायला यूपीएस. दुसऱ्यात पेंटियम टू, निम्मी रॅम, तेच कार्ड आणि एकच डिस्क. यूपीएस नाही. माझा आग्रह पहिल्याचा होता. कॅसेटमधलं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेऊन दाबून बसवायचं काम कॅप्चर कार्ड करतं, प्रोसेसर नाही. प्रोसेसर लागतो तो कमळं उमलायला. मोठा घेतला तर ती लवकर उमलतात, हे खरं. पण एका तासाच्या शूटिंगला तेव्हाची अख्खी डिस्क पुरत नसे. अडचण जागेची होती.

दत्ताभाऊंचे वडील साखर कारखान्याचे सभासद. म्हणून समजावताना मी साखर कारखान्याच्या दाखल्यावर आलो.

“प्रोसेसर म्हणजे गाळप. रॅम म्हणजे गव्हाण, ऊस आत टाकायची जागा. हार्ड डिस्क म्हणजे गोडाऊन. गाळप वाढवलं आणि गव्हाण तेवढीच ठेवली तर काय होईल?”

“गाड्या यार्डात तटून ऱ्हातील.”

“बरोबर. आणि गोडाऊन एकच असेल आणि त्याला आग लागली तर?”

“इन्शुरन्स असतोय की.”

“लग्नाला इन्शुरन्स नसतो, दत्ताभाऊ.”

ते मनापासून हसले. मग त्यांनी खरं कारण सांगितलं. बारामतीतल्या एका स्टुडिओने ‘पेंटियमवर मिक्सिंग’ असा बोर्ड लावला होता आणि इंदापूरची दोन लग्नं त्या बोर्डाने नेली होती.

“त्याच्याकडं वन हाय. मला टू पाहिजे. गिऱ्हाइकाला रॅम दिसती व्हय? बोर्डावर काय लिवू, गव्हाण मोठी हाय?”

मी दुसरं कोटेशन पुढे ओढलं आणि त्यावर सही घेतली. इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मला अजून थोडं भांडता आलं असतं. मी भांडलो नाही, कारण माझ्या माहितीत इंदापूर तालुक्यात तोवर कोणी पेंटियम टू बसवलेला नव्हता आणि तो पहिला माझ्या हातून बसणार होता. लोकांच्या दिखाऊपणाला मी आयुष्यभर हसत आलो. त्या दिवशी मी त्यांच्याच रांगेत उभा होतो, फक्त हसायला विसरलो.

मशीनचं उद्घाटन दिवाळीच्या पाडव्याला झालं. स्टुडिओसमोर मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांत सत्काराला पात्र असलेली माणसं. एका संस्थेचे संचालक फीत कापायला आले होते. त्यांनी भाषणात एकविसाव्या शतकाचं स्वागत केलं, मग स्टुडिओत येऊन कॅबिनेटला हार घातला आणि हळूच मला विचारलं, “यात टीव्ही कंचा आन् कॉम्प्युटर कंचा?” मी दाखवलं. त्यांनी दोन्हींना नमस्कार केला. हार हवा बाहेर टाकणाऱ्या जाळीवर आला होता, तो मी बाजूला सरकवला. मग मला टॉवेल, टोपी आणि नारळ मिळाला. मी टोपी घालून फोटोलाही उभा राहिलो.

बाहेर नवा बोर्ड लागला होता. ‘तालुक्यातील पहिला पेंटियम टू. जुन्या आठवणी जिवंत करून मिळतील.’ दुसरं वाक्य दत्ताभाऊंनी मला आधी वाचून दाखवलं होतं. मी म्हणालो होतो, छान आहे.

गर्दी पांगल्यावर शेवटच्या रांगेतले एक गृहस्थ आत आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी. शेळगावचे सोनवणे गुरुजी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. दत्ताभाऊ त्यांचे विद्यार्थी, त्यामुळे ते लगेच खुर्चीवरून उठले.

गुरुजी म्हणाले, “बोर्ड वाचला. कसं जिवंत करतात, ते विचारायला आलो.”

त्यांच्या विचारण्यात खोच नव्हती. त्यांची मुलगी प्रज्ञा मे महिन्यात कावीळ होऊन गेली होती. वय बावीस. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि वॉर्डात ड्यूटी करत तिने आजार अंगावर काढला. तिचे फोटो घरात होते. पण गुरुजींना ती हलताना, बोलताना पाहायची होती. नातलगांच्या चार लग्नांत ती होती आणि चारही लग्नांची शूटिंग दत्ताभाऊंनी केली होती. त्या त्या घरच्या कॅसेट गुरुजींनी मागून आणून पाहिल्या होत्या.

“त्यात ती नाही. कुठे पाठ दिसते, कुठे हात दिसतो. तुमच्याकडे न कापलेलं असतं ना रे, दत्ता?”

असतं. शूटिंग होतं ती कच्ची कॅसेट. त्यातून निवडून लग्नघरी द्यायची कॅसेट तयार होते. पाहुण्यांनी कॅमेऱ्यात बघून केलेल्या गमती, उगाच लांबलेलं जेवण, असलं सगळं कच्च्या कॅसेटमध्येच राहतं. दत्ताभाऊंनी कपाट उघडलं. चारही कॅसेट सापडल्या.

“गुरुजी, मे महिन्यात वर्साचा कार्यक्रम आसंल न्हवं? त्याच्या आत तुमाला एक कॅशेट करून देतो. आसंल तेवढी प्रज्ञा एका ठिकाणी. आन् काय द्यायचं-घ्यायचं बोलू नका.”

हे ते मनापासून बोलले. दत्ताभाऊंविषयी पुढे काही लिहीन तेव्हा वाचकांनी हे लक्षात ठेवावं.

पुढच्याच आठवड्यात गुरुजी दोन दिवस एसटीने इंदापूरला गेले आणि स्टुडिओत दत्ताभाऊंच्या शेजारी बसले. कॅसेट पुढे पळवायची, ती दिसली की गुरुजी म्हणायचे ‘थांब’, आणि तेवढा भाग कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा. दोन दिवसांत अकरा मिनिटं जमली. टायटल आणि शेवटची जोडणी सीझन उरकल्यावर निवांत करायची ठरली. गुरुजींनी ती अकरा मिनिटं एकदा सलग पाहिली आणि घरी गेले. त्यांची पत्नी पाहायला आली नव्हती. ती म्हणाली होती, कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्यांसोबत एकदाच बघीन.

यानंतर जे घडलं ते आमच्या धंद्यात रोजचं होतं. लगीनसराई लागली की कॅसेट कमी पडतात. कच्च्या कॅसेटवर पुन्हा शूटिंग करण्याची रीत सगळ्याच स्टुडिओंत होती. लग्नघरी माल पोचला की कच्ची कॅसेट मोकळी. दत्ताभाऊंनी त्या चार कॅसेटही मोकळ्या केल्या. त्यांचा विचार सरळ होता. मूळ माल कॉम्प्युटरमध्ये आला आहे, तोही पेंटियम टूमध्ये. आता प्लास्टिकच्या फितीला कशाला जपायचं? एवढा मोठा प्रोसेसर आतलं काही जाऊ देईल, असं त्यांच्या मनातही आलं नाही. आम्ही विकणाऱ्यांनी त्यांचा हा समज कधी दूर केला होता?

मार्चमध्ये एका दुपारी दत्ताभाऊ मोटरसायकलवर कॅबिनेट बांधून आले. गादीत गुंडाळून, दोरीने आवळून.

“लाइट गेली, आली, परत गेली. आता नुसतं काळं दिसतंय. उद्या वालचंदनगरकडं लग्न हाय. लवकर बघा.”

विंडोज मोडलं होतं. त्या काळात आमच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध होतं, ते म्हणजे फॉरमॅट. डिस्क पुसायची, विंडोज नव्याने टाकायचं, दोन तासांत गिऱ्हाईक मोकळं. दोन डिस्क असत्या तर विंडोजची पुसली असती आणि शूटिंगची तशीच राहिली असती. एकच होती. म्हणून मी नियमाप्रमाणे विचारलं.

“आत ठेवण्यासारखं काही आहे?”

“काय न्हाय. समदी लग्नं डिलिव्हर झाली.”

ते लग्नं मोजत होते. मीही लग्नंच मोजली. गुरुजी स्टुडिओत आले तेव्हा मी तिथे, टोपी घालून, दोन हातांवर उभा होतो. त्यांचं सगळं बोलणं मी ऐकलं होतं. मला आठवायला हवं होतं. मला आठवलं नाही. मी एंटर दाबलं. टक्के वाढत गेले, आणि तेवढ्यात आम्ही दोघांनी चहा घेतला.

तीन आठवड्यांनी दुपारी फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

“इंजिनियर, गुरुजींचं फोल्डर दिसंना.”

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“गुरुजी आलेत. पत्रिका घिऊन आलेत कार्यक्रमाची. भायेर बसल्यात. तुमी कुठं ठिवलंय ते सांगा, मी उघडतो.”

“दत्ताभाऊ, आपण फॉरमॅट मारला होता.”

ते म्हणाले, “पर परत आणता येतं न्हवं?”

त्यांनी गुरुजींना सांगितलं की मशीन दुरुस्तीला द्यायचं आहे, थोडं थांबावं लागेल. गुरुजी म्हणाले, बरं. आणि दत्ताभाऊंना आशीर्वाद देऊन गेले. हे मला त्यांनी नंतर सांगितलं.

फॉरमॅटने सगळं जागच्या जागी नष्ट होत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी तसं ते असतं. पानं राहतात, फक्त कुठलं कुठे आहे ते कळत नाही. पण त्या पानांवर कोणी नवं लिहिलं तर मात्र जुनं संपतं. दत्ताभाऊंनी तीन आठवड्यांत त्या डिस्कवर पाच लग्नं लिहिली होती.

एकच आशा होती. त्या कार्डाने घेतलेल्या शूटिंगमध्ये प्रत्येक चित्र सुटं असतं. एका सेकंदाला पंचवीस चित्रं, आणि प्रत्येकाची सुरुवात ठरावीक खुणेने होते. ती खूण शोधत डिस्कच्या शेवटापर्यंत गेलं तर कुठे एखादं चित्र शिल्लक सापडू शकतं. मी माझ्या दुकानातली डिस्क दत्ताभाऊंच्या मशीनला जोडली, तिच्यावरून मशीन चालू केलं आणि त्यांची डिस्क तपासायला छोटा प्रोग्रॅम लिहिला. तेवढ्यापुरती का होईना, त्या मशीनमध्ये दुसरी डिस्क आली. आणि उरलंसुरलं चाळायला तो प्रोसेसर फार वेगवान निघाला, हेही नोंदवून ठेवतो.

दोन दिवस मी चित्रं पाहत होतो. अनोळखी नवऱ्या, पंगती, बँडवाले, अर्धं चित्र हिरवं, अर्धं करडं. दत्ताभाऊ दोन्ही दिवस माझ्या शेजारी बसून होते. आमच्या दोघांत प्रज्ञाला ओळखणारे तेच. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास त्यांनी माझ्या मनगटाला धरलं.

“हीच.”

निळी साडी, केसांत अबोली. ती बाजूला बघत होती आणि कॅमेऱ्याकडे वळत होती. सलग एक्केचाळीस चित्रं निघाली. दोन सेकंदही नाहीत. आवाज वेगळा साठवलेला असतो, तो सापडला नाही. अकरा मिनिटांतलं उरलं ते एवढंच.

“स्लो करू,” दत्ताभाऊ म्हणाले. “मागं गाणं टाकू. अर्धा मिनिट तरी भरंल.”

“नको.”

“न्हाय न्हाय, नकोच,” ते लगेच म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

आम्ही तेवढाच तुकडा, आहे त्या वेगाने, मध्ये थोडी मोकळी जागा सोडत वीस वेळा कॅसेटवर घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेळगावला गेलो. वाटेत दत्ताभाऊ एकदाच बोलले. “तुमी बोला. तुमी टेक्निकल सांगा.”

मी टेक्निकल सांगितलं. अनुक्रमणिका, पानं, चित्रांच्या खुणा, सगळं. गुरुजी खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. पाठ न केलेल्या मुलाने फळ्यासमोर लांबण लावावी आणि मास्तरांनी ती संपू द्यावी, तसं. माझं संपल्यावर म्हणाले,

“म्हणजे पुसलं गेलं.”

“हो.”

“कोणी पुसलं?”

“मी.”

“न्हाय गुरुजी,” दत्ताभाऊ मध्येच म्हणाले, “त्यांनी इचारलं हुतं मला. मीच म्हनलो काय न्हाय म्हनून. कॅशेटी बी मीच...” चाळिशीचा माणूस शाळेतल्यासारखा उभा होता. गुरुजींनी त्याला बस म्हटलं नाही, आणि तो बसला नाही.

गुरुजींच्या पत्नी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. मी त्यांना काकू म्हणत होतो. त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. तो चहा कसा प्यायलो, मला सांगता येणार नाही.

“लावा आता, जे हाय ते,” काकू म्हणाल्या.

शेजाऱ्यांचा व्हीसीआर आणून ठेवलेलाच होता, कार्यक्रमासाठी. कॅसेट घातली. काळा पडदा, मग ती. वळली, ओठ हलले, संपलं. पुन्हा काळं. पुन्हा वळली.

काकू टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसल्या. चार-पाच वेळा झाल्यावर त्यांनी मागे न बघता विचारलं, “अवो, काय म्हनती ती हितं?”

आमच्यापैकी तो आवाज ऐकलेली दोनच माणसं होती. दत्ताभाऊ खाली बघत होते.

गुरुजी म्हणाले, “ती म्हणते, माझं काय काढता, आईचं काढा. ती बघा, कोपऱ्यात बसलीय.”

“मंग?”

“मग दत्ताने कॅमेरा फिरवला. तू पदर तोंडावर घेतलास. तिने तो ओढला. मग दोघी हसत होतात. बराच वेळ.”

“मी हुते व्हय त्यात?”

“होतीस.”

काकूंनी मान हलवली. ते दृश्य त्यांनी पाहिलेलं नव्हतं आणि आता कधी पाहणार नव्हत्या. त्या पुन्हा पडद्याकडे बघायला लागल्या. विसाव्या वेळेनंतर कॅसेट कोरी होती, पण उठून बंद करायला कोणी तयार नव्हतं. शेवटी गुरुजीच उठले. आम्हाला म्हणाले, “तुम्ही येऊन सांगितलंत, हे बरं केलंत. आता निघा.” रागाने नाही. शाळा सुटल्यावर म्हणतात तसं. कार्यक्रमाची पत्रिका त्यांनी मला दिली नाही, आणि ते योग्यच होतं.

मेमधल्या कार्यक्रमाला दत्ताभाऊ गेले. ते शूटिंगला गेले नव्हते. जेवणाच्या पंगतीत वाढायला उभे होते, असं कळलं. त्यानंतर त्यांनी कच्ची कॅसेट कधी मोकळी केली नाही. स्टुडिओच्या माळ्यावर ढीग झाला, उंदीर झाले, तरी नाही. माझ्याकडून दुसरी डिस्क मात्र त्यांनी घेतली नाही. ती पुण्याहून आणली. मीही त्याबद्दल काही विचारलं नाही.

मी पुढे वीस वर्षं कॉम्प्युटर विकले. दुकान बंद करून आता जळोचीत घरी असतो. अजूनही ओळखीतलं कोणी येतं आणि फोटो-व्हिडिओ एडिटिंगला कुठला प्रोसेसर घ्यावा, असं विचारतं. नावं बदलली आहेत, आकडे फुगले आहेत, प्रश्न तोच आहे. मी सांगतो, आधी दुसरी डिस्क घे. तिच्यावर सगळं पुन्हा एकदा ठेव आणि ती दुसऱ्या कोणाच्या तरी घरी नेऊन ठेव. मग रॅम बघ. मग जे उरेल त्यात जो येईल तो प्रोसेसर घे. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला वेग हवा असतो, आणि मी त्याला कपाट विकत असतो.

मग तो विचारतो, मशीन स्लो चालेल त्याचं काय?

चालू दे. आतलं शाबूत असेल तर स्लो मशीनपुढे माणसाला वाट तरी बघता येते.